विमानाचा पहिला आराखडा आणि एक विसरलेली वही

माणसाच्या हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. आज ही माहिती सहज मिळते. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका जमीनदाराने मात्र आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ स्वतः मोजून वहीत टिपून ठेवली होती. त्याला मोजण्याचा नादच होता. कमीत कमी विरोध होणारा आकार कोणता, हे कळावे म्हणून त्याने ट्राउट माशाच्या शरीराचे घेर घेतले. कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ यांचा हिशेब मांडला. त्याचे नाव सर जॉर्ज केयली.

केयली यांचा जन्म १७७३ चा. त्या काळी उडण्याचे स्वप्न पाहणारे लोक पक्ष्यांची नक्कल करत, पंख फडफडवण्याची यंत्रे बनवत. पक्ष्याचे पंख दोन कामे करतात : शरीर वर उचलतात आणि पुढे ढकलतात. माणसाने ही कामे वेगळी करावीत, हे केयली यांनी ओळखले. उचलण्यासाठी स्थिर पंख, पुढे जाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आणि तोल व दिशा सांभाळण्यासाठी शेपूट. १७९९ मध्ये त्यांनी ही कल्पना चांदीच्या एका लहानशा चकतीवर कोरून घेतली. चकतीच्या एका बाजूला असे यान आहे, तर दुसऱ्या बाजूला पंखावरील उचल आणि हवेचा रोध दाखवणारी आकृती. आजच्या प्रवासी विमानाची मूळ रचना हीच आहे.

१८०४ मध्ये त्यांनी गोल फिरणाऱ्या दांड्यावर पंख बसवून त्याची उचल मोजली आणि ग्लायडरची प्रतिकृती उडवली. १८०९-१० मध्ये या विषयावर तीन भागांत लेख छापले. अडचण होती ती इंजिनाची. वाफेचे इंजिन फार जड होते.

त्यांची बुद्धी केवळ आकाशात रमली नाही. त्यांच्या एका कुळाच्या मुलाने हात गमावला, तेव्हा केयली यांनी त्याच्यासाठी वस्तू पकडता येईल असा कृत्रिम हात तयार केला. गरिबाच्या वाट्याला त्या काळी फार तर लोखंडी आकडा यायचा.

१८५३ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, त्यांनी ब्रॉम्प्टन येथील दरीवरून माणसासह ग्लायडर सोडला. त्यात त्यांचा गाडीवान होता, असे त्यांच्या नातीने वृद्धपणी सांगितले. आपल्याला गाडी हाकायला ठेवले आहे, उडायला नाही, असे म्हणून त्याने नोकरी सोडली, अशीही आठवण तिने सांगितली. इतके मोठे धाडस करणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी नीट नोंदवून ठेवले नाही.

केयली १८५७ मध्ये वारले. राइट बंधूंचे विमान उडाले ते १९०३ मध्ये. विल्बर राइट यांनी केयली यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, पण सर्वसामान्य लोकांच्या स्मरणात केयली राहिले नाहीत. त्यांची टिपणवही छापून आली १९३३ मध्ये. ग्लायडरचा तपशीलवार आराखडा १८५२ मध्ये यंत्रविषयक एका साप्ताहिकात छापलेला होता, तरी त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. इतिहासकार चार्ल्स गिब्स-स्मिथ यांनी १९६० मध्ये तो शोधून काढला. त्यावरून नवा ग्लायडर बांधला गेला आणि १९७० च्या दशकात वैमानिक डेरेक पिगॉट यांनी तो ब्रॉम्प्टनच्या त्याच दरीत उडवला. आराखडा खरोखर उडण्याजोगा होता, हे शंभराहून अधिक वर्षांनी दिसून आले. चांदीची ती चकती आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

केयली यांनी मोजले आणि लिहून ठेवले, म्हणूनच हे शक्य झाले. जे लिहिले गेले नाही, ते त्या गाडीवानाच्या नावासारखे हरवले. आपल्याकडेही आजोबांच्या वह्या, जुन्या कारागिरांची टिपणे माळ्यावर पडून असतात. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत.