अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन

वन्य पशूंचीं चरित्रें लिहून मुलांना अरण्याची गोडी लावणारे सीटन यांचा जन्म १८६० सालीं इंग्लंडांतील साऊथ शील्ड्स येथें झाला. १८६६ मध्यें हें कुटुंब कॅनडांत गेलें. तेथें टोरांटोजवळील डॉन नदीच्या खोऱ्यांत हिंडून बाल अर्नेस्ट पशुपक्ष्यांचें निरीक्षण करीत असे. पुढें ते नामांकित चित्रकार झाले.

१८९४ सालीं न्यू मेक्सिकोंत, गुरें मारणाऱ्या लोबो नांवाच्या लांडग्यास त्यांनीं पकडलें. विषास व सांपळ्यांस न फसणारा तो धूर्त पशु, मारल्या गेलेल्या आपल्या सहचरीचा माग काढतांना मात्र सांपळ्यांत अडकला आणि लवकरच मरण पावला. त्या निष्ठेनें सीटन यांचें शिकारी मन हेलावलें. १८९८ मध्यें त्यांनीं ही कथा ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

१९०२ सालीं कनेक्टिकटमधील त्यांच्या जागेची गांवच्या उनाड मुलांनीं नासधूस केली. शासन करण्याऐवजीं सीटन यांनीं त्यांनाच तेथें तंबूंत राहावयास बोलाविलें व शेकोटीभोंवतीं गोष्टी सांगितल्या. त्यांतून वुडक्राफ्ट संघ उदयास आला. चिखलांतील ठसा वाचणें ही त्यांतील मोठी विद्या होय. कुत्र्याच्या ठशांत नखें उमटतात, मांजराच्या सहसा उमटत नाहींत. धांवणाऱ्या सशाचे मागचे पाय पुढच्यांच्याही पुढें पडतात.

१९१० मध्यें ते अमेरिकेच्या बालवीर संघाचे प्रमुख झाले. १९४६ सालीं ते निवर्तले. वनचरांची ओळख करून घेण्यास बंदूक नको. सावध डोळे, वही व धीर एवढें पुरतें, हा त्यांच्या चरित्राचा बोध विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावा.