पानावर दव कधी पडते? डॉ. रामदास यांची पुण्यातली मोजणी

भात कापून किन्हवलीच्या शिवारात काकडी लावली की थंडीत पहाटे तुम्ही हे पाहिले असेल: पाने ओलीचिंब, आणि मोबाइलवर आर्द्रता फक्त ८५ टक्के. हवा पूर्ण भरलेली नसताना पाणी आले कुठून? अशी उत्तरे पिकाच्या उंचीवर मोजून शोधायची, ही वाट आपल्याकडे डॉ. एल. ए. रामदास यांनी घालून दिली.

त्यांचा जन्म १९०० सालचा, पालघाटचा. कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर काम केले. पुढे ते हवामान खात्यात आले आणि १९३२ साली पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

वेधशाळेचा तापमापक साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. तुमचे पीक मात्र त्याच्या खाली वाढते. म्हणून रामदासांनी जमिनीलगत थोड्या थोड्या अंतरावर तापमान घेतले. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीनच सर्वांत थंड असते, असे तेव्हा सगळे मानत. रामदास आणि आत्मनाथन यांना उघड्या जमिनीवर वेगळेच आढळले: सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नव्हती, ती वीतभर ते हातभर वर होती. १९३२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अनेकांना मोजण्यातच चूक वाटली. पुढे इतर देशांतही तेच दिसले आणि त्या थराला रामदासांचे नाव मिळाले. १९७९ साली ते गेले, तरी कारणाचा वाद मिटला नव्हता. १९९०च्या दशकात बंगळुरूत रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी जमीन व हवेतल्या उष्णतेच्या प्रारणावरून त्याचा खुलासा मांडला.

रामदासांनी उभ्या पिकांच्या आतली हवाही मोजली. कोरड्या दिवसांत माती रात्री हवेतली वाफ शोषते आणि दिवसा परत सोडते, हेही त्यांच्या गटाने पुण्यात दाखवले. (वाल दवावर पिकतो असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या मते तो पिकतो मुख्यतः भातखाचरात खाली उरलेल्या ओलीवर.)

आता तुमच्या काकडीकडे या. हवा १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १५.४ अंश येतो. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा थंड होते. ते १५ अंशांवर उतरले की दव धरते, मोबाइल काहीही म्हणो. ढग असले किंवा वारा चालू असला की पान तेवढे थंड होत नाही.

मीही पूर्वी केवळ अंदाजपत्रकातली आर्द्रता बघून फवारणी पुढे ढकलायला सांगत असे, आणि एकदा त्यात काकडीचा एक प्लॉट केवड्याने गेला. केवड्याच्या बुरशीला पानावर पाणी लागते. भुरीला लागत नाही. म्हणून पिकाच्या उंचीवर दोन तापमापक टांगा, एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा आणि दोन्ही सूर्य उगवण्याआधी वाचा. दोघांतला फरक जितका कमी, तितकी हवा दवाजवळ. सोबत पाने किती वाजता सुकतात तेही वहीत लिहा. रोज उशिरापर्यंत ओली राहत असतील तर डाग दिसण्याची वाट न पाहता केवड्याची प्रतिबंधक फवारणी घ्या, पण पाने सुकल्यावरच. निथळत्या पानावरचे औषध खाली गळते.