कुंकळ्ळीची विहीर आणि ख्रिस्तपुराण : फादर थॉमस स्टीफन्स

नवीन धर्मग्राम उभारण्याचा विचार निघाला की आपल्याकडे प्रथम जागेची चौकशी सुरू होते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, वर्गणी किती जमेल, बांधकामाला परवानगी कधी मिळेल. त्या मंदिरात जी माणसे गुडघे टेकणार, त्यांच्या तयारीचा विषय बहुधा मागाहून येतो. हा क्रम किती महाग पडू शकतो, हे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ऐन तारुण्यात पाहिले होते.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरणे कठीण झाले होते. १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. तेथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि गोव्यातील साष्टी प्रांत हेच त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र ठरले. ही साष्टी वसई-ठाण्याजवळची नव्हे. मडगाव आणि राशोल ज्या प्रांतात येतात ती.

याच प्रांतातील कुंकळ्ळी गावी जुलै १५८३ मध्ये ती घटना घडली. पोर्तुगीज सैनिकांनी त्या परिसरातील देवळे याआधीच जाळली होती आणि गावकरी संतप्त होते. अशा वेळी, अकबर बादशहाच्या दरबारातून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा चार संघबंधू व काही स्थानिक ख्रिस्ती यांच्यासह चर्चसाठी जागा पाहण्यास आणि तेथे क्रूस उभारण्यास निघाले. २५ जुलै रोजी गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते परत मिळवून त्यांना सन्मानाने मूठमाती मिळावी यासाठी फादर स्टीफन्स यांनी खटपट केली. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांचीही हत्या केली. पाच येशूसंघीयांना पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली धन्य घोषित केले. त्यांचे स्मरण करताना त्या प्रमुखांचे मरणही आपण विसरू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कुंकळ्ळीनंतर फादर स्टीफन्स छत्तीस वर्षे जगले आणि या काळातील त्यांचे मोठे काम भाषेचे होते. लोक घरात कोंकणी बोलत. पण धर्मकथा ऐकण्याची त्यांची सवय मराठीतील, ओवीतील होती. फादरांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. कोंकणीचे व्याकरण रचले, कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण सिद्ध केले. आपल्या जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. म्हणजे गोदातीरी नाथांची ओवी घुमत असतानाच दक्षिणेस एक परदेशी धर्मगुरू तोच छंद हाताळण्याची तयारी करीत होता.

या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीत मुलांचे धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात जिज्ञासा आहे आणि दुखावलेपणही आहे. ज्या व्यवस्थेने ती पुराणे बंद केली तिचाच भाग असलेल्या फादरांनी ही तक्रार दडपली नाही. उलट तिला आपल्या ग्रंथाच्या दाराशीच बसविले. उत्तर म्हणून त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांच्या ओठावरचाच शब्द घेतला.

छपाईतही अडचणी होत्या. १६०८ साली त्यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून स्थानिक लिपीत पुस्तके छापण्याची अनुमती मागितली. अक्षरांचे खिळे पाडणे अवघड असल्याने तो हेतू साधला नाही आणि १६१६ मध्ये राशोल येथे हे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होऊ लागले. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते त्यांच्याही कानी शास्त्र पडू लागले. असा श्रोतृवर्ग एका पावसाळ्यात तयार होत नाही.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच निवर्तले. त्यांचे व्याकरण त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये राशोल येथेच प्रसिद्ध झाले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घातली. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या आणि तशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापण्यात आला.