प्रकाशाचा वैद्य नील्स फिन्सन

मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही, तेव्हा घरी वापरता येणारे लाल प्रकाशाचे उपकरण आणावे काय, असा विचार अनेक कुटुंबांत होतो. प्रकाशाने व्रण भरावेत ही कल्पना वैद्यकात प्रतिष्ठित केली ती नील्स रायबर्ग फिन्सन यांनी. ते स्वतः आयुष्यभर रुग्णच होते.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील टोर्सहाव्न येथे झाला. शालेय शिक्षणाचा अखेरचा टप्पा आइसलँडमध्ये, तर वैद्यकीय शिक्षण कोपनहेगनला झाले. १८९० मध्ये ते डॉक्टर झाले. त्याआधीच यकृत, हृदय आणि प्लीहा यांना ग्रासणाऱ्या विकाराने त्यांना गाठले होते. उत्तराभिमुख घरात थकवा आणि रक्तक्षयाने बेजार असताना त्यांना उन्हाची ओढ लागली. छपरावरचे मांजर सावली सरकताच उन्हाकडे सरकते, हे पाहूनच त्यांचे कुतूहल जागे झाले, असे सांगतात.

त्यांनी १८९३ मध्ये देवीच्या रुग्णांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवण्याचा उपाय सुचवला. प्रकाशातील दाहक किरण अडवले की व्रण कमी राहतील, अशी त्यामागची धारणा होती. हा उपाय पुढे टिकला नाही. गंमत अशी की, त्यांच्या लेखी लाल रंग निरुपद्रवी म्हणूनच उपयोगी होता. आज जखमेसाठी वापरतात तो नेमका तोच.

खरे यश लाभले ते त्वचेच्या क्षयावर. या रोगाने नाक आणि गाल झडत. रुग्ण माणसांपासून तोंड लपवून राहत. १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीजकेंद्रातील एका अभियंत्यावर फिन्सन यांनी कार्बनच्या विद्युतदिव्याचा प्रयोग केला. किरणांची उष्णता गाळण्यासाठी पाणी वापरत आणि रक्त किरण शोषून घेते म्हणून परिचारिका भिंग त्वचेवर दाबून धरत. रोज तासभर, आणि हे महिनोन्महिने! १८९६ मध्ये त्यांची प्रकाशसंस्था उभी राहिली. डॅनिश राजकन्या असलेल्या इंग्लंडच्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये हा दिवा लंडनच्या रुग्णालयास मिळवून दिला. जंतू नेमके कसे मरतात, याचे फिन्सन यांचे स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. त्यांच्या भिंगांतून लघुलहरी अतिनील किरण पार होतच नव्हते, हे २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी दाखवून दिले.

आजची उपकरणे वेगळ्या शाखेची आहेत. बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांवर मंद लेसर सोडला आणि केस लवकर उगवताना पाहिले. पुढे त्यांनी तोच प्रकाश न भरणाऱ्या व्रणांवर वापरला. मधुमेही पायांवरील लहान चाचण्या आशादायक असल्या तरी साखरेवर नियंत्रण, मृत ऊती काढणे आणि पायावरचा भार हटवणे यांची जागा दिवा घेत नाही. संवेदना हरपलेल्या पायाला चटका बसला तरी कळत नाही. त्यामुळे असे उपकरण डॉक्टरांच्या देखरेखीविना वापरणे जोखमीचेच.

फिन्सन यांना १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाकांच्या खुर्चीला खिळल्यामुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पारितोषिकाच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेला आणि हृदय व यकृताच्या रुग्णांसाठीच्या आरोग्यधामाला दिला. अखेरची वर्षे ते स्वतःच्या आहारातील मीठ आणि पाणी यांचा काटेकोर हिशेब ठेवीत होते. शरीरात मीठ साठण्याविषयीचा त्यांचा निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.