र. धों. कर्वे : ज्यांचा खटला बाबासाहेबांनी लढवला

14 ऑक्टोबर हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे हे नाव बहुतेकांनी एकाच संदर्भात ऐकलेले असते. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अश्लीलतेच्या खटल्यात ज्यांचे वकीलपत्र घेतले, ते हे कर्वे. पण हा माणूस नेमके काय सांगत होता आणि त्यासाठी त्याला कोर्टात का खेचले गेले, हे फारसे सांगितले जात नाही. कारण विषय तसा आहे. घरात सगळे बसलेले असताना बोलायचा नाही, असा. कंडोम वापरला तर मूल राहत नाही हे खरे का, किती खरे, हा प्रश्न आजही आपला तरुण मुलगा बापाला विचारत नाही, सून सासूला विचारत नाही. मोबाईलला विचारतात, आणि मोबाईल खरे-खोटे सगळेच सांगतो.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, कोकणातल्या मुरूडचा. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, 1891 मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळात हे घरोघरी घडत होते. बाईचे असे मरण कोणाला विशेष वाटत नसे. पुढे वडिलांनी एका विधवेशी लग्न केले आणि गावाने त्यांना वाळीत टाकले. बहिष्कार म्हणजे काय ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. त्या घरात त्याची थोडी झळ पोरवयातच लागली होती, एवढेच नोंदवतो. आपल्या वाट्याला आलेल्या बहिष्काराशी त्याची बरोबरी नाही.

मुलगा हुशार होता. 1899 साली मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, मुंबईत गणिताचा प्राध्यापक झाला, पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आला. नोकरी, पगार, मान, सगळे जमून आले होते. पण डोक्यात विषय दुसराच होता. बाईला मूल कधी हवे, किती हवी, हवे की नको, हे ठरवायचा तिला हक्क आहे आणि त्यासाठी साधने आहेत, हे लोकांना सांगायचे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हे भारतातले पहिले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच साली, म्हणजे या बाबतीत मुंबई इंग्लंडच्या मागे नव्हती. 1923 मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आले. त्या वेळी ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. ही मते जाहीरपणे मांडायची की नोकरी ठेवायची, असा प्रसंग आला आणि 1925 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर पैशाची ओढाताण कायमची. संसार चालला तो पत्नी मालतीबाईंच्या साथीने. कर्व्यांवर लिहिताना मालतीबाईंना एका ओळीत उरकायची पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. या विषयात नवऱ्याला मिळणाऱ्या शिव्या बायकोच्याही वाट्याला येतात, त्या त्यांनी निमूट सोसल्या आणि कामही केले.

आता साधनांविषयी. कर्व्यांनी काम सुरू केले तेव्हाचे रबर आजचे नव्हते. रबर द्रावणात विरघळवून साचा बुडवून काढायचा, असा तो माल. जाड, आणि काही महिन्यांत चिरा पडणारा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून, कंडोम बनू लागले आणि ते पातळ, मजबूत, बराच काळ टिकणारे झाले. आपल्याकडे सरकारने साठच्या दशकाच्या शेवटी ‘निरोध’ आणला. आज कारखान्यात प्रत्येक कंडोमला बारीक छिद्र आहे का ते विजेच्या साहाय्याने तपासतात, शिवाय काही नग हवा-पाणी भरून फुगवून पाहतात.

तरीही प्रश्न राहतोच की भरवसा किती. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, म्हणून इथे आकडेच घेऊ. 1933 मध्ये रेमंड पर्ल या अमेरिकी शास्त्रज्ञाने मोजण्याची एक साधी रीत दिली : शंभर बायका एक वर्षभर एखादे साधन वापरत असतील तर त्यांतल्या कितींना दिवस राहतात? आजही ढोबळमानाने असेच मोजतात. काहीच न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षाला साधारण 85 जणींना दिवस राहतात. कंडोम दर वेळी आणि बिनचूक वापरला तर दोघींना. आणि माणसे प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरला तर, अमेरिकेतल्या पाहणीनुसार, तेराजणींना. हे आकडे वर्षाचे आहेत, शंभर वेळच्या संबंधांचे नाहीत. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो.

दोन आणि तेरा यांच्यामधले अकरा कुठून आले? रबर तेच आहे. फरक वापराचा आहे. आज राहू दे, एवढ्या वेळेला काही होत नाही, हे पहिले कारण आणि सगळ्यात मोठे. मग अर्ध्यावर घालणे. टोकाची हवा न काढणे. संपल्यावर तसेच पडून राहणे, त्यामुळे तो निसटतो. पाकीट दाताने फाडणे. महिनोन्महिने पँटच्या खिशातल्या पाकिटात ठेवून उन्हातान्हात फिरणे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणे, हे तर आपल्याकडे सर्रास. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होते, म्हणून वंगण लागलेच तर पाण्याचे घ्यावे. दोन एकावर एक घातले की दुप्पट सुरक्षा, हाही गैरसमज. घासून दोन्ही फाटण्याची शक्यता असते. फाटलाच तर घाबरून बसू नये. आपत्कालीन गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली; डॉक्टरांकडून तांबी बसवून घेतली तर पाच दिवसांपर्यंत उपयोग होतो आणि तो गोळीपेक्षा खात्रीचा. ‘बाहेर काढतो’ म्हणणाऱ्या नवऱ्यांसाठी सांगतो, त्या पद्धतीत शंभरातल्या वीसजणींना दिवस राहतात. आणि गुप्तरोगांपासून, एचआयव्हीपासून बचाव करण्याचे काम गोळी किंवा तांबी करत नाही, ते कंडोमच करतो. कर्व्यांनी गुप्तरोगांवरही पुस्तक लिहिले होते, पेनिसिलीन अजून यायचे होते तेव्हा.

15 जुलै 1927 ला त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचक पत्रे लिहून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. आज ते अंक पाहिले तर उत्तरे कोरडी, जवळजवळ शाळामास्तरी वाटतात. पण तेवढ्यानेच सनातन्यांचा तोल गेला. 1931 मध्ये पहिला खटला झाला, 100 रुपये दंड बसला, अपीलही फेटाळले गेले. 1934 मध्ये पुन्हा अटक, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून.

तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळे नुकतेच होऊन गेले होते. त्यांच्यामागे कामाचा डोंगर होता. तरी त्यांनी हा खटला घेतला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, वाचक अडचण विचारतो आणि संपादक शास्त्राच्या आधारे उत्तर देतो, यात अश्लील ते काय? अज्ञानातून विकृती येत असेल तर ती ज्ञानानेच जाईल. कोर्टाला ते पटले नाही. 200 रुपये दंड झाला. वकिलीच्या हिशेबात हा हरलेला खटला.

बाबासाहेबांना या विषयाची निकड पुस्तकांतून कळलेली नव्हती. रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव राहिले. 1935 मध्ये रमाईही गेल्या. 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला एकही पुरुष तयार झाला नसता, असा त्यातला मुद्दा. ठराव पडला, बाजूने 11, विरोधात 52. गांधीजी ब्रह्मचर्याशिवाय दुसरा उपाय मानत नव्हते, आणि कर्वे त्यांच्यावर सतत टीका करत राहिले.

हा मुद्दा कर्व्यांनी स्वतःच्या बाबतीत आधीच निकालात काढला होता. आपल्याला मूल नको असे नवरा-बायकोने ठरवले आणि नसबंदी करून घेतली ती कर्व्यांनी, मालतीबाईंनी नाही. शंभर वर्षांनंतर आपण कुठे आहोत ते 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. देशातल्या विवाहित स्त्रियांत 37.9 टक्के जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली आहे. कंडोमवर विसंबणारी जोडपी 9.5 टक्के. नवऱ्याने नसबंदी केलेली 0.3 टक्के. वस्तीतल्या आरोग्य सेविकेला विचारा, ती आकड्यांशिवायही हेच सांगेल : ऑपरेशन म्हटले की बाईच पुढे ढकलली जाते. पुरुषाचे ऑपरेशन त्यामानाने लहान असते, टाक्याशिवायही होते, त्याने अशक्तपणा येत नाही आणि पुरुषत्वही जात नाही. फक्त त्यानंतर तीन महिने, वीर्याची तपासणी होईपर्यंत, कंडोम वापरावा लागतो. हे न सांगितल्यामुळे दिवस राहतात आणि मग संशय घेतला जातो तो बायकोवर.

कर्व्यांनी 26 वर्षे मासिक चालवले, बहुतेक काळ तोट्यात. मुखपृष्ठावरच्या नग्न चित्रांसाठी टीका झाली, तरी चित्रे बंद केली नाहीत. 2001 मध्ये अमोल पालेकर यांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. त्यात किशोर कदम यांनी कर्वे साकारले आहेत. मिळाला तर घरातल्या मोठ्या मुलामुलींसोबत पाहावा. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरात, निघाला.