ध्यानचंद आणि बाजूचे चौघे

ध्यानचंद म्हटलं की आपल्याला साधारण दोनच गोष्टी माहीत असतात. एक म्हणजे त्यांच्या स्टिकला चेंडू चिकटायचा आणि लोकांना वाटायचं की आत लोहचुंबक आहे. दुसरी म्हणजे २९ ऑगस्टला त्यांचा वाढदिवस, त्या दिवशी राष्ट्रीय क्रीडा दिन. पण मध्यंतरी आमच्या विंगमध्ये मेसनंतर वेगळाच वाद रंगला. एक पार्टी म्हणत होती, ध्यानचंदच्या बाजूला कोणालाही उभं करा, गोल होणारच. दुसरी म्हणत होती, पास देणारेच नसतील तर माणूस काय हवेतून गोल काढणार? मी दुसऱ्या पार्टीत. म्हणून सबमिशन सोडून त्यांचं आयुष्य वाचत बसलो.

जन्म १९०५ चा, अलाहाबादचा. वडील लष्करात, त्यामुळे सारख्या बदल्या, शेवटी घर झाशीला झालं. १९२२ मध्ये ते स्वतःही शिपाई म्हणून भरती झाले. दिवसभर ड्यूटी, म्हणून रात्री चांदण्यात प्रॅक्टिस. ध्यानसिंगचे ध्यानचंद त्यावरून झाले, असं सांगतात.

१९२८ च्या ऑलिंपिकला निघालेला आपला संघ बोट पकडायला मुंबईत आला. तिथे मुंबईच्या संघाशी एक मॅच झाली आणि आपण चक्क ३-२ ने हरलो. आपले दोन्ही गोल ध्यानचंदचे! म्हणजे ह्यांनी आपलं काम केलं, तरी हार ती हारच. (चौघांचा प्रोजेक्ट एकट्याने केलेल्यांना हे लगेच कळेल.) पुढे ॲमस्टरडॅमला मात्र पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही आणि सुवर्णपदक आणलं. २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंदचे, त्यामुळे पहिली पार्टी खूश.

आता थोडं टेक्निकल. तेव्हा पुढच्या फळीत पाच जण असत. दोन टोकांना दोन ‘आउट’, त्यांच्या आत दोन ‘इन’ आणि मधोमध सेंटर फॉरवर्ड, म्हणजे ध्यानचंद. चेंडू ‘डी’च्या आतून मारला तरच गोल धरतात. मधल्या खेळाडूवर सगळ्यांचा डोळा, त्याला घेरलं की बाजूचा मोकळा होतो. त्या मोकळ्या गड्याला चेंडू द्यायचा की स्वतः घुसायचं, हा सेंटर फॉरवर्डचा खरा पेपर.

१९३२ ला लॉस एंजेलिसच्या संघात धाकटा भाऊ रूपसिंग आला. जागा लेफ्ट इन, म्हणजे मोठ्या भावाच्या अगदी शेजारी. जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. दोन्ही सामने मिळून रूपसिंगचे १३ गोल, ध्यानचंदचे १२. मी कॅल्क्युलेटर काढला. १९२८ ला संघाच्या गोलांत ध्यानचंदचा वाटा ४८ टक्के होता, १९३२ ला ३४ वर आला. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात, वाटेतले सामने धरून, ४८ सामन्यांत संघाचे ५८४ गोल झाले. त्यातले २०१ ध्यानचंदचे, तेही ४३ सामने खेळून. पुन्हा ३४ टक्के! पण दर सामन्याचा हिशोब केला तर १९२८ ला त्यांचे २.८ गोल पडतात आणि १९३५ ला जवळजवळ ४.७. वाटा घटला, गोल वाढले. समोरचे संघ सारखे नव्हते, त्यामुळे ह्यावर थिसिस होणार नाही, पण आमच्या पार्टीला एवढं पुरे.

मला सगळ्यात आवडलेली मॅच ऑलिंपिकची नाहीच. झाशीत ‘झाशी हिरोज’ नावाचा क्लब होता, गावातल्या पोरांचा. १९३३ मध्ये हा संघ कलकत्त्याला बायटन कपच्या फायनलला पोचला. समोर कलकत्ता कस्टम्स, तगडी टीम. ध्यानचंदनी मधून एक लांब पास काढला, इस्माईल तो घेऊन अर्धं मैदान पळाला आणि गोल! १-० ने कप झाशीला. पुढे आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच म्हणून ध्यानचंद हीच सांगायचे. गोल त्यांचा नव्हता, तरी.

१९३६ ला बर्लिनमध्ये ते कॅप्टन होते. पोचल्या पोचल्या सरावाच्या मॅचमध्ये जर्मनीने ४-१ ने हरवलं. मग राइट इनच्या जागेसाठी दाराला विमानाने बोलावून घेतलं. तो सेमीफायनलला उभा राहिला आणि फ्रान्सविरुद्ध १० गोल झाले. फायनलला मैदान ओलं होतं, मध्यंतराला स्कोअर फक्त १-०. ध्यानचंदनी बूट काढून टाकले. शेवटी ८-१. नोंदीप्रमाणे त्यात ध्यानचंदचे तीन, दाराचे दोन, रूपसिंग, टॅपसेल आणि जाफर यांचा एकेक. गोष्टी सांगताना मात्र लोक ध्यानचंदचे सहा करून टाकतात. मग दारा काय बर्लिन बघायला गेला होता?

एक गोष्ट पहिल्या पार्टीला द्यावीच लागते. १९४७-४८ च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यात ध्यानचंद ४२ वर्षांचे होते. फाळणी झालेली, जुनी फळी संपलेली, बाजूला सगळी नवी पोरं. तरी २२ सामन्यांत ६१ गोल. ह्याला आमच्याकडे उत्तर नाही.

१९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाला कोचिंग केलं. रूपसिंग १९७७ मध्ये गेला. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीत ध्यानचंद गेले. त्यांना झाशीला आणलं आणि अंत्यसंस्कार केले ते हिरोजच्या मैदानावर.