एरिक हॉस्किंग : घुबडाने डोळा नेला तरी...

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून माझा जुन्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा खाली आला. १९८९ च्या हिवाळ्यात वढवाणा तलावावर सारसांच्या मागे मी एक अख्खा कृष्णधवल रोल खर्च केला होता. मुलाने आणलेल्या स्कॅनरवर तो चढवला. छत्तीसपैकी एकोणतीस चित्रांत नुसते पाणी आणि गवत, पाचांत लांबवर दोन राखाडी ठिपके आणि उरलेल्या दोनांत उडून चाललेल्या पक्ष्यांचे पाय! घरात हसे झाले ते सोडा, पण मनात प्रश्न आला, की याहून कितीतरी अवजड कॅमेरे घेऊन ज्यांनी पक्ष्यांच्या डोळ्यांतली चमक टिपली त्यांनी ते केले तरी कसे? त्या निमित्ताने एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचे आयुष्य पुन्हा वाचून काढले. ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

हॉस्किंग यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील हिशेबनीस, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. एरिकची शाळेतली प्रगती मात्र यथातथाच होती. लहानपणी आईवडिलांनी दिलेला साधा बॉक्स कॅमेरा आणि पक्ष्यांची घरटी, एवढ्यातच त्याचे लक्ष. शाळा सुटल्यावर त्याने मोटारींच्या धंद्यात नोकरी धरली आणि १९२९ च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, ती गेलीही.

नोकरी गेलेला वीस वर्षांचा तरुण काय करील? हॉस्किंग यांनी कॅमेऱ्यावर पोट भरायचे ठरवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अवाढव्य एलिफंट सीलजवळ उभ्या असलेल्या एका लहान मुलीचे त्यांनी काढलेले चित्र वर्तमानपत्रात छापून आले आणि थोडा धीर आला. पण केवळ पक्ष्यांची छायाचित्रे काढून जगणारा माणूस तोवर कोणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे लग्नसमारंभ, लहान मुलांचे फोटो आणि संध्याकाळी सरकचित्रे दाखवत व्याख्याने, अशी कामे करत त्यांनी पक्ष्यांसाठी वेळ काढला. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. असा व्यवसाय लिहून कोणी माझ्या टेबलाशी आला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते, हे कबूल करतो.

त्यांच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा लाकडी, भाता असलेला, तिकाटण्यावर ठेवायचा. आत फिल्मच्या रोलऐवजी काचेची प्लेट, साधारण सव्वातीन बाय सव्वाचार इंच. डोक्यावर काळे कापड घेऊन घाशीव काचेवर उलटे दिसणारे चित्र नेमके करायचे, मग प्लेटची पेटी सरकवायची आणि तिचे झाकण ओढायचे. एकदा प्लेट बसली की कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही! पक्षी ठरलेल्या जागी येईपर्यंत वाट पाहायची, शटर दाबायचे आणि पुढच्या चित्रासाठी प्लेट बदलायची. त्यात पक्षी जरा हलला की चित्र फुकट. पक्षी नेमक्या त्याच जागी पुन्हा पुन्हा येईल अशी खात्रीची जागा एकच, ती म्हणजे घरटे.

घरट्याजवळ माणूस दिसला तर पक्षी फिरकणार नाही, म्हणून लपण. चार खांबांवर कापड ताणून केलेली ही खोपटी हॉस्किंग आधी घरट्यापासून बरीच दूर उभी करत. पक्ष्याला तिची सवय झाली की थोडी पुढे, पुन्हा काही दिवसांनी आणखी पुढे. पक्षी बिचकला तर मागे यायचे. घरटे झाडावर असेल तर लपणही उंच मचाणावर बांधावे लागे. आत शिरताना ते एकाला सोबत नेत. दोघे आत जात आणि सोबती एकटाच बाहेर पडून दिसेल असा चालत निघून जाई.  दोन आले आणि एकच गेला, ही तफावत सहसा पक्ष्यांच्या ध्यानात येत नाही. (आमच्या कॅशियरच्या आली असती.) मग आतल्या माणसाने तासन्‌तास खोकायचेसुद्धा नाही.

मे १९३७ मध्ये हॉस्किंग वेल्समध्ये टॉनी आऊल या तपकिरी रानघुबडाच्या घरट्यावर काम करत होते. घुबड रात्रीचे शिकारी, तेव्हा लपणात जायचे तेही अंधारातच. या घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. पिल्ले घरट्यात असली की हे जोडपे कोणाचीही गय करत नाही. त्या रात्री हॉस्किंग मचाणाकडे चढत असताना घुबडाने झेप घेतली आणि त्याची नखी थेट त्यांच्या डाव्या डोळ्यात रुतली. काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही.

त्यांना लंडनच्या डोळ्यांच्या रुग्णालयात हलवले. जखमेत जंतुसंसर्ग झाला होता. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून काही वर्षे होती. डावा डोळा तसाच ठेवावा तर उजव्याचीही दृष्टी जाण्याचा धोका, असा पेच उभा राहिला. माणूस अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता आणि त्याचा सगळा धंदा डोळ्यांवर. डावा डोळा काढून टाकावा लागला.

इथे मी वाचताना पुस्तक खाली ठेवले होते. आपण असतो तर काय केले असते? हॉस्किंग यांनी घुबडाला दोष दिला नाही. पिल्लांच्या दाराशी रात्री कोणी चढून आले तर आईने दुसरे काय करायचे? बरे होताच ते पुन्हा कामाला लागले, आणि तेही घुबडांच्याच. सिरिल न्यूबेरी या सहकाऱ्यासोबत त्यांनी १९४५ मध्ये निशाचर पक्ष्यांवर एक पूर्ण पुस्तक काढले. पुढे १९७० मध्ये आत्मचरित्र लिहिले त्याचे नावही ‘अ‍ॅन आय फॉर अ बर्ड’. पक्ष्यासाठी नजर म्हणा किंवा पक्ष्यासाठी दिलेला डोळा, दोन्ही अर्थ त्यात बसतात.

एका डोळ्याने खोलीचा अंदाज नीट येत नाही. फांदीवर चढताना, अंतर ठरवताना अडचण येणारच. पण कॅमेऱ्यामागे सगळे एकाच डोळ्याने पाहतात! हॉस्किंग यांचे उत्तम काम या अपघातानंतरच्या काळातले आहे. युद्धापूर्वी ते फ्लॅशचे बल्ब वापरत. एक बल्ब एकदाच पेटे आणि वाया जाई. युद्धानंतर जाणकार मित्रांच्या मदतीने ते इलेक्ट्रॉनिक फ्लॅशकडे वळले. त्याचा लखलखाट सेकंदाच्या अगदी लहान अंशाइतकाच असल्याने फडफडणारा पंखही गोठल्यासारखा स्पष्ट येऊ लागला. शिवाय प्रकाशाचा एक झोत पक्ष्याच्या वाटेवर आडवा सोडायचा आणि पक्ष्याने तो तोडला की शटर आपोआप उडायचे, अशी सोय त्यांनी करून घेतली. माणसाच्या हाताला जमणार नाही ती वेळ पक्षी स्वतःच साधून देई. १९४८ मधले त्यांचे गव्हाणी घुबडाचे चित्र सर्वांत गाजले. पंख उभारलेले, चोचीत शिकार, जणू एखाद्या संस्थानाच्या राजचिन्हावरचा पक्षी. हेच घुबड आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहते आणि लोक त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतात.

१९३९ मध्ये त्यांचे डोरोथी यांच्याशी लग्न झाले. पुढे कीर्ती वाढली, तसे प्रवासही. गाय माउंटफर्ट यांच्या मोहिमांचे छायाचित्रकार म्हणून ते १९५६ आणि १९५७ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या कोतो दोन्याना या दलदलीच्या प्रदेशात गेले. तो भाग १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. त्यानंतर बल्गेरिया, हंगेरी आणि जॉर्डन झाले, आणि १९६६-६७ मध्ये पाकिस्तान, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. या काळात काचेच्या प्लेटा मागे पडून ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म आली होती. पक्षी संरक्षणाच्या ब्रिटिश संस्थेचेही त्यांनी बरेच काम केले. १९७७ मध्ये त्यांना ओबीई हा सन्मान मिळाला. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले.

एक गोष्ट मला खटकते, ती लिहितोच. त्या पिढीचे छायाचित्रकार घरट्यासमोरच्या फांद्या दोरीने बाजूला बांधत आणि काम झाले की सोडत. लपण दोन दिवस आधी पुढे सरकले किंवा फांद्या बांधलेल्याच राहिल्या, तर पिल्ले उन्हाने किंवा कावळ्यांनी संपली असती. हॉस्किंग यांची शिस्त कडक होती. ज्यांची नव्हती, त्यांच्या हातून किती घरटी मोडली असतील! म्हणूनच आज अनेक निसर्ग छायाचित्र स्पर्धांत घरट्याचे चित्र स्वीकारतच नाहीत. तो नियम मला योग्य वाटतो. लांब पल्ल्याच्या भिंगांमुळे घरट्याशी जाण्याची गरजही उरलेली नाही. मात्र या नियमाने हॉस्किंग यांची कितीतरी चित्रे पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

ज्यांच्या घरी जुन्या निगेटिव्ह आहेत त्यांच्यासाठी एक माहिती. बऱ्याच स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसण्याची सोय असते. ती इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखते. बहुतेक रंगीत फिल्ममधून हे किरण आरपार जातात, पण कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांनी बनलेले असल्यामुळे यंत्र पिसांनाच धूळ समजते. कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना ते बटण बंदच ठेवा, आणि धूळ आधी मऊ ब्रशने हाताने काढा. माझ्या सारसाचे दोन्ही पाय मी असेच वाचवले आहेत.